ज्वाळांच्या आधी धूर पोहोचतो

प्रश्न : वाशीत बाराव्या मजल्यावर घर आहे. खाली आग लागली, तर जिन्याने पळावं का?

उत्तर : जिन्यात धूर कोंडला असेल तर मुळीच नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये, ऐन दिवाळीत, वाशीच्या रहेजा रेसिडेन्सीत दहाव्या मजल्यावरची आग बाराव्यापर्यंत चढली. चौघांचा जीव गेला. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून घट्ट चिकटतो. तरीही बोटावरचा ऑक्सिमीटर ९८ दाखवू शकतो!

दार लावून फटीत ओला टॉवेल कोंबावा, खिडकीशी थांबून १०१ ला फोन करावा. ओला रुमाल काजळी अडवतो, वायू नाही. लिफ्ट टाळावी.

नंतर डोकं दुखलं, मळमळलं किंवा थुंकी काळी आली, तर तडक रुग्णालय गाठावं.