वारीला निघताना परसबागेचं पाणी

ताईंनो, ज्येष्ठ महिना आला की गटातल्या कितीतरी जणींची वारीची तयारी सुरू होते. आळंदीहून माऊलींच्या पालखीबरोबर चालायचं तर पंढरपूरला पोचेपर्यंत अठरा-एकोणीस दिवस लागतात. पिशवी भरून होते आणि घरातून प्रश्न येतो, "झाडांना पाणी कोण घालणार?" एवढ्यासाठी कुणी मागे राहू नये, म्हणून आजचा हा पाठ.

माढा तालुक्यातल्या अरणच्या सावता महाराजांनी मळ्यातच विठ्ठल पाहिला, असं आपण ऐकत आलो. आपल्याला मळा राखून वारीही करायची आहे.

पावसाच्या भरवशावर मात्र राहू नका. आपला जिल्हा पर्जन्यछायेचा. आषाढात आभाळ भरून येतं, वारा सुटतो, पण पाऊस दडी मारतो. अशा वाऱ्याने माती लवकर सुकते.

१. वाफ्यासाठी मडकं

भाजलेलं, पण रंग न दिलेलं मातीचं मडकं घ्या. पाणी भरल्यावर ते बाहेरून ओलसर झालं पाहिजे. जुन्या मडक्यावर क्षार बसले असतील तर काथ्याने घासून घ्या. मुळं न तोडता रोपांपासून वीतभर अंतरावर खड्डा करा आणि मडकं गळ्यापर्यंत पुरा. पाणी भरून तोंडावर झाकण ठेवा. भोवतालची माती सुकेल तसं पाणी पाझरतं, माती ओली असली की पाझर कमी होतो. चीनमध्ये ही रीत दोन हजार वर्षांपूर्वीही माहीत होती.

वाफ्यावर उसाच्या पाचटाचा चार बोटं जाड थर द्या. खोडाजवळ थोडी जागा मोकळी सोडा.

२. कुंड्या-डब्यांसाठी वात

निरांजनात वात तेल ओढते, तसंच इथे पाणी ओढलं जातं. जुन्या सुती लुगड्याची पट्टी पिळून वात करा. नायलॉनची साडी चालत नाही. कुंड्या सावलीत एकत्र ठेवा. पाण्याची बादली विटांवर, कुंडीपेक्षा उंच ठेवा. वात आधी पूर्ण भिजवा. एक टोक बादलीच्या तळाशी दगड बांधून सोडा, दुसरं कुंडीच्या मातीत दोन-तीन बोटं खोल खोचा. बादलीवर कापड घट्ट बांधा. उघड्या साठलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डेंगीचे डास तयार होतात.

कुंडीखाली ताटली भरून पाणी ठेवू नका, मुळं कुजतात. तुळस तर हमखास जाते.

३. आधी परीक्षा, मग प्रवास

निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी हे सगळं मांडा आणि मडकं किती दिवसांत तळाला जातं ते मोजा. समजा चार दिवस लागले, तर दर तिसऱ्या दिवशी भरायचं. म्हणजे अठरा दिवसांत पाचच फेऱ्या. "रोज पाणी घाल" म्हटलं की घरचे कुरकुरतात. "पाच वेळा भर" म्हटलं की वार ठरवून देता येतो, मुलालाही आणि धन्यालाही.

४. गटात पाळी लावा

घरी कुणीच नसेल तर गटातल्या ताईला सांगा. तिने पाणी भरावं आणि तयार भाजी तोडून न्यावी. ही मेहेरबानी समजू नका, झाडाचीही ती गरज आहे. भेंडी, गवार वेळेवर तोडली नाही तर निबर होते आणि पुढचा बहर कमी येतो. तिच्या माहेरपणाच्या वेळी तुम्ही तिच्या बागेचं बघा.

पुढच्या बैठकीत करायचं काम

१. कोण, किती दिवस बाहेर जाणार याची यादी करा.
२. प्रत्येकीने आपलं मडकं किती दिवस पुरतं ते सांगावं.
३. पाणी भरण्याचे वार आणि नावं इतिवृत्तात लिहा.

यादीत पहिलं नाव तिचं घाला, जी दरवर्षी "पुढच्या वर्षी बघू" म्हणते.