शिंपल्यावरील छिद्राची साक्ष

(सामान्य विज्ञान : इयत्ता सहावी व सातवी. साहित्य : छिद्र असलेले व नसलेले शिंपले, भिंग, फूटपट्टी.)

पुळणीवर शिंपले वेचणाऱ्या मुलांना छिद्र पडलेला शिंपला विशेष प्रिय असतो. कारण तो दोऱ्यात ओवण्यास तयारच मिळतो. कोकणच्या किनाऱ्यावर असे शिंपले विपुल आढळतात. मोहरीच्या किंवा ज्वारीच्या दाण्याएवढे हे वाटोळे छिद्र लाटांनी पाडले असावे, असे मुले सांगतील. पुष्कळदा तसे नसते. ते एका शिकारी शंखाचे काम असते आणि त्या शिंपल्याचा धनी त्याच छिद्रावाटे मारला गेलेला असतो.

शंखातील या प्राण्याची जीभ कानशीसारखी दातेरी असते. परंतु नुसत्या जिभेने कठीण कवच पोखरले जात नाही. त्याच्या शरीरात कवच मऊ करणारा स्राव सोडणारी एक खास ग्रंथी असते. काही काळ ही ग्रंथी कवचास लावून ठेवावयाची, मग मऊ झालेला थर जिभेने खरवडावयाचा, पुन्हा ग्रंथी लावावयाची, असा क्रम कित्येक तास, कधी काही दिवसही चालतो. आरपार छिद्र पडले की प्राणी आपली सोंड आत घालून मांस खातो. नॅटिका कुळातील शंख वाळूखाली शिकार करतात. त्यांचे छिद्र वाटीसारखे, बाहेर रुंद व आत अरुंद होत गेलेले असते. म्युरेक्स कुळातील शंखांचे छिद्र बहुधा नळीसारखे सरळ असते. हा फरक भिंगातून मुलांस स्वतः पाहू द्यावा. आधी सांगून टाकू नये.

मांस नष्ट होते, कवच मात्र गाळात पुरले जाऊन जीवाश्मरूपाने टिकते आणि त्यासोबत छिद्रही टिकते. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात यॉर्क व जेम्स या नद्यांच्या दरडींत पंख्याच्या आकाराचे, उठावदार पन्हळी असलेले मोठे शिंपले सापडतात. त्यांचे नाव चेसापेक्टेन जेफरसोनियस. इंग्लंडमधील मार्टिन लिस्टर याने १६८७ साली त्याचे चित्र प्रसिद्ध केले. १८२४ साली टॉमस से याने माजी अध्यक्ष जेफरसन यांच्या सन्मानार्थ त्यास नाव दिले. १९९३ साली तो व्हर्जिनियाचा राज्य-जीवाश्म ठरला. ज्या समुद्रात तो राहिला, तो सुमारे ४५ लाख वर्षांपूर्वी तेथे पसरलेला होता. त्याच थरांत एक्फोरा नावाचा म्युरेक्स कुळातील शंखही मिळतो, आणि तोही शिंपले पोखरून खात असावा असे मानले जाते.

पंखाशिंपला हे सोपे भक्ष्य नव्हे. त्याच्या आजच्या भाईबंदांच्या कडेने बारीक डोळ्यांची रांग असते. शत्रू जवळ येताच ते दोन्ही पुटे (शिंपल्याच्या प्रत्येक अर्ध्या भागास पुट म्हणतात) झपाझप मिटून पाण्याच्या झोताने पळतात. म्हणूनच अर्धवट छिद्र अधिक विचार करावयास लावते. शिकार निसटली, की शिकाऱ्यास कोणी हुसकावले? पुटाच्या आतील बाजूस छिद्राच्या जागी नवा जाड थर चढलेला दिसला, तर प्राणी पुढे जगला हे निश्चित. तसा थर नसेल तर निर्णय देण्याची घाई करू नये.

मोजणीत एक चूक हटकून होते. समजा, एका जागी १०० सुटी पुटे मिळाली व त्यांपैकी १२ पुटांस आरपार छिद्र आहे. मुले शेकडा १२ असे उत्तर देतील. परंतु १०० पुटे म्हणजे ५० प्राणी. आणि शिकारी सामान्यतः एकाच पुटास छिद्र पाडतो. तेव्हा ५० पैकी १२, म्हणजे शेकडा २४ प्राणी बळी पडले. शेकडेवारीच्या तासास हे उदाहरण अवश्य घ्यावे.

प्रत्येक छिद्र शिकाऱ्याचेच असते असेही नाही. पोखरणाऱ्या स्पंजामुळे कवचाची चाळण होते. ती छिद्रे अनेक व वेडीवाकडी असून आतील बोगद्यांस मिळालेली असतात. घासून झिजलेले भोक बहुधा बिजागरीजवळील फुगीर भागी पडते व त्याची कड ओबडधोबड असते. आणखी एक प्रकार मोठा चमत्कारिक आहे. कॅपुलस नावाचा टोपीसारखा शंख पंखाशिंपल्याच्या पाठीवर बसून लहानसे छिद्र पाडतो, परंतु मांस खात नाही. शिंपल्याने गाळून जमविलेले अन्न तो त्या वाटे चोरतो. अशा छिद्राभोवती त्याच्या बैठकीची वाटोळी खूण राहू शकते. यजमान जिवंत राहतो आणि चोर घर न सोडता पोसला जातो!

गृहपाठ : प्रत्येक मुलाने छिद्राचा एक शिंपला आणावा; छिद्राचा व्यास, जागा व आकार वहीत नोंदवावा आणि ते कोणी पाडले असावे हे कारणासह लिहावे. किनाऱ्यापासून दूरच्या शाळांनी किनाऱ्यालगतच्या एखाद्या शाळेकडून शिंपले मागवावेत.