महामार्गावरचं पाणी खाडीत उतरतं तेव्हा

प्रश्न : जूनच्या पहिल्या पावसात चिपळूणला गेलो होतो. महामार्गाच्या कडेच्या गटारातून काळपट पाणी वाहत होतं, वर रंगीत तवंग. कोकणात एवढा पाऊस, पुढे एवढा समुद्र. मग या पाण्याने बिघडतं काय? आणि आमच्या दुधनीच्या रस्त्यावरचं पाणी शेवटी जातं कुठे?
– एक वाचक, दुधनी (ता. अक्कलकोट)

उत्तर : तुम्ही नेमके पहिल्या पावसात गेलात म्हणून हे दिसलं. ऑगस्टमध्ये त्याच गटारात बरंच निवळ पाणी दिसलं असतं. उन्हाळाभर डांबरावर तेल ठिबकतं, टायर झिजून त्यांची भुकटी पडते, ब्रेकच्या लायनिंगमधलं तांबं घासून निघतं. टायरमध्ये जस्तही असतं. डांबर यातलं काही जिरू देत नाही, आणि पहिली जोराची सर सगळा साठा एकदम धुऊन नेते. पाऊस फार म्हणून घाण पातळ होते, हे भर पावसाळ्यात खरं, पण पहिल्या सरीला लागू नाही. तवंग डोळ्यांत भरतो, पण तेलाचा एखादा थेंबही बराच लांब पसरतो. जास्त त्रासदायक ऐवज बारीक गाळाला चिकटून, कुणाच्या नजरेस न पडता जातो.

समुद्र मोठा खराच, पण हे पाणी आधी खाडीत उतरतं. चिपळूणला महामार्ग वाशिष्ठी ओलांडतो, आणि दाभोळच्या मुखातून शिरलेली भरती पार गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत चढते. वरून आलेला गाळ ओहोटीला खाली सरकतो, भरतीला मागे लोटला जातो आणि कांदळवनाच्या मुळांशी बसतो. खाडीतल्या तिसऱ्या आणि कालवं पाणी गाळूनच पोट भरतात, त्यामुळे त्यातले धातू त्यांच्या अंगात साठतात. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून बायका जी कालवं काढतात, ती हीच. समुद्र केवढा आहे याचा त्या चिखलाला काही उपयोग नाही.

अमेरिकेत सिएटलच्या आसपासच्या ओढ्यांत अंडी घालायला आलेले कोहो सामन मासे पावसानंतर पटापट मरत. टायर टिकावा म्हणून त्यात घालतात त्या रसायनाचा हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन बनणारा पदार्थ त्यांना मारतो, हे 2020 मध्ये उघड झालं. हा मासा आपल्याकडे नाही. पण त्याआधीच तिथे एक प्रयोग झाला होता : रस्त्यावरचं तेच पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळून दिलं, तर मासे जगले.

उपाय त्यातच आहे. आपल्याकडे रस्त्यावरचं पाणी लवकरात लवकर हटवायचं, एवढंच पाहिलं जातं. तेही चूक नाही, साचलेलं पाणी रस्ता खातं. पण सिमेंटच्या गटारातून ते थेट नदीत सोडण्याऐवजी गवताच्या रुंद, उथळ चरातून संथ नेलं, पुलाआधी गाळ बसायला एक टाकं ठेवलं, तर बराचसा ऐवज मातीत अडकतो. टाक्यातला गाळ मात्र दर उन्हाळ्यात उपसावा लागतो, आणि नेमकं तेच राहून जातं. चौपदरीकरणात डोंगर कापून निघालेली लाल माती हा आणखी एक मोठा भार. ती उतारावर उघडी टाकून पावसाळा गाठणं मला अक्षम्य वाटतं.

आता दुधनी. तुमच्याकडचं पाणी भीमेच्या खोऱ्यातलं. भीमा रायचूरजवळ कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. म्हणजे चिपळूणच्या अगदी उलट दिशेला. वाटेत जुराला, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी धरणं आहेत, त्यामुळे तुमचा गाळ समुद्र गाठण्याआधीच बहुतेक कुठेतरी बसतो. सोलापूरकडे पाऊसही कोकणाच्या पाचव्या हिश्श्याइतकाच, आणि काळी माती धातू घट्ट धरून ठेवते.

तुम्हाला जपायचं आहे ते तुमच्या विहिरी-बोअरला. पुनर्भरणासाठी छपरावरचं पाणी गाळून जरूर सोडा, फक्त पहिल्या सरीचं बाहेर जाऊ द्या. रस्त्याकडेच्या चरातलं पाणी मात्र पाइप लावून थेट बोअरमध्ये उतरवू नका. मातीने जे वरच अडवलं असतं, ते तेल त्या पाइपातून सरळ खालच्या पाण्यात जातं, आणि तिथून ते बाहेर काढणं जवळपास अशक्य.