आधी वस्त्र, मग विचारपूस

पती, दोन मुले, आईवडील असे सारे गमावलेली पटाचारा श्रावस्तीत विवस्त्र भटकत होती. लोकांनी वेडी म्हणून तिला हाकलले. जेतवनात मात्र तथागतांनी तिला जवळ येऊ दिले. कुणीतरी अंगावर वस्त्र टाकले. मगच तिने दुःख सांगितले. पुढे भिक्खुणी होऊन तिने इतर शोकाकुल स्त्रियांना धीर दिला.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ च्या ग्रंथात असाच क्रम मांडला: सुरक्षितता, आठवण व शोक, मग माणसांशी पुन्हा नाते. किती बोलायचे, कुठे थांबायचे, हे समुपदेशक पीडितासह ठरवतो.

वसतिगृहात नव्याने आलेल्या अबोल मुलाला आम्ही पहिल्याच रात्री “घरी काय झाले?” असे विचारत असू. ती चौकशी आमच्या सोयीची होती. आता खाट कुठे हवी, एवढेच विचारतो.