बाराजणांचा तक्ता

नागपूरच्या एका कॉलेजच्या बास्केटबॉल टीमसाठी मुलं-मुली निवडण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत कोण जिंकलं ते पेपरात येतं. ती टीम दोन वर्षं आधी कशी जमवली, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या मते निम्मी मॅच तिथंच ठरलेली असते. या कामात नव्यानं पडणाऱ्या तरुण कोचसाठी, अनुभवातून हाती लागलेलं लिहून ठेवतो.

१. नावं नंतर, तक्ता आधी

होस्टेलची मुलं जुन्या प्लेस्टेशनवर ‘कॉलेज हूप्स २के८’ खेळायची. २००७ सालचा गेम. त्यात तुम्ही अमेरिकेतल्या एका कॉलेजचे कोच असता. सीझन संपला की शेवटच्या वर्षाचे खेळाडू निघून जातात आणि त्यांच्या जागी शाळांमधून नवे मिळवायचे असतात. कुणासाठी किती वेळ घालवायचा, कुणाचा नाद सोडायचा, याचाच सगळा खेळ. एका संध्याकाळी त्या पोरांनी आपल्याच टीमचा तसा तक्ता एका कागदावर मांडून आणला. आडव्या रांगेत वर्ष, उभ्या रांगेत जागा : गार्ड, फॉरवर्ड, सेंटर. त्यातला एक म्हणाला, “सर, दोन्ही सेंटर यंदा फायनलला आहेत. पुढच्या वर्षी बोर्डाखाली कोण?”

तेव्हापासून हा तक्ता मी दर वर्षी दिवाळीच्या सुमारास करतो. टीम बाराजणांची, पदवी तीन वर्षांची. म्हणजे साधारण चारजण दर वर्षी जाणार आणि चार यायला हवेत. एकाच वर्षी आठ चांगली पोरं मिळाली म्हणून घेऊन टाकली, की ती तिसऱ्या वर्षाला कप आणतात आणि एकदमच निघून जातात. त्यांच्यामुळे दोन वर्षं नव्यांना कोर्टवर वेळच मिळालेला नसतो, त्यामुळे मागं उरते ती न खेळलेली टीम. नव्या धोरणानं चौथ्या वर्षाची सोय केली आहे, पण त्या भरवशावर तक्ता बांधू नये. तोवर कुणाला नोकरी खुणावते, कुणाला स्पर्धा परीक्षा.

म्हणून ट्रायलला जाताना ‘सगळ्यांत चांगला कोण’ हा प्रश्न घेऊन जाऊ नये. ‘आपल्याला कोणती जागा भरायची आहे’ हा घेऊन जावा.

२. ट्रायल जुलैत होते, निवड हिवाळ्यात

ॲडमिशन पावसाळ्याच्या तोंडावर. आपली बहुतेक कोर्टं उघड्यावरची, सिमेंटची. पाऊस पडला की त्यावर बूट धरत नाहीत आणि मुलं जपून जपून पळतात. अशा ट्रायलमध्ये कुणाचा खरा खेळ दिसणार? एकोणीस वर्षांखालच्या शालेय स्पर्धा आदल्या सीझनला जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी होतात, त्या बघाव्यात. मानकापूरच्या क्रीडा संकुलात किंवा शिवाजी नगर जिमखान्यावर एका कडेला उभं राहून बघितलेल्या चार मॅच ट्रायलच्या अख्ख्या आठवड्यापेक्षा जास्त सांगतात. हरणाऱ्या टीमची मॅच तर शेवटपर्यंत बघावी. वीस पॉइंटनं मागं पडल्यावरही जो डिफेन्सला खाली वाकतो, त्याचं नाव डायरीत जातं.

३. उंचीआधी हात मोजा

रिंग ३.०५ मीटरवर असते आणि तिथवर डोकं नाही, हात पोचवायचा असतो. मी बोटांना खडू लावायला सांगतो. पाय जमिनीवर पक्के टेकवून भिंतीवर एक खूण, मग जागच्या जागी उडी मारून दुसरी. दोन्ही खुणा टेपनं मोजायच्या. पाच फूट नऊ इंचाच्या मुलाची खूण सहा फुटी मुलाच्या वर गेलेली मी अनेकदा पाहिली आहे. खांदे रुंद आणि हात लांब असले की रिबाउंडला ते इंच भरून निघतात. आणखी एक गोष्ट : अठराव्या वर्षी ‘अजून वाढेल’ या आशेवर कुणाला घेऊ नये. मुलींची उंची तर त्याच्या बरीच आधी थांबलेली असते. जे समोर आहे, तेच तीन वर्षं असणार.

४. चेंडू हातात नसतो तेव्हा

शॉट सुधारतो. रोज सकाळी फ्री-थ्रोच्या रेषेवर उभं केलं की वर्षभरात हात बसतो. डावा हातही तयार होतो. जे सहसा बदलत नाही, ते चेंडू दुसऱ्याकडे असताना दिसतं : मान वळवून मागं कोण आहे हे बघण्याची सवय, चेंडू गेला की त्याच क्षणी परत फिरणं, आणि बाकावर बसलेला असताना मॅचकडे लक्ष आहे की नाही.

मायकेल जॉर्डनची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण अर्धीच. १९७८ मध्ये शाळेच्या मुख्य टीममध्ये त्याला घेतलं नाही. त्याच्याच वर्गातला लेरॉय स्मिथ घेतला, कारण टीमला उंची हवी होती. कोचला कळत नव्हतं असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. त्यांनी जागा बघून माणूस निवडला आणि जॉर्डनला दुसऱ्या टीममध्ये रोज खेळतं ठेवलं. हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे.

५. दुसऱ्या मैदानांवरही जा

बास्केटबॉलची तयार पोरं नागपुरात मोजक्याच शाळांतून येतात आणि त्यांच्यावर सगळ्या कॉलेजांचा डोळा असतो. पण आपल्या विद्यापीठात नागपूरसोबत वर्धा, भंडारा, गोंदियाही येतात. तिकडच्या मुली खो-खो खेळून आलेल्या असतात. खो-खोवालीचे पाय बघा : कंबर खाली, झटक्यात दिशा बदलणं, पाठलाग करताना दम न सुटणं. डिफेन्ससाठी याहून काय हवं? ड्रिबल आणि पास आम्ही शिकवू. व्हॉलीबॉलचा ब्लॉकर आणि उंच उडीवाला यांनाही उडीची वेळ साधण्याचं कसब आधीच आलेलं असतं. पहिलं वर्ष शिकण्यात जाईल, दुसऱ्या वर्षी ते बदली म्हणून उतरतील. तक्त्यात त्यांची चौकट त्याच हिशोबानं धरावी.

६. नावाजलेल्याच्या मागं किती धावायचं?

फार नाही. राज्य खेळून आलेल्या एका मुलासाठी महिनाभर फोन करत बसलं की त्याच वेळात पाहता आली असती अशी चार मुलं हातची जातात. स्टीफन करीला मोठ्या कॉलेजांनी विचारलं नाही, किरकोळ अंगाचा म्हणून. डेव्हिडसन नावाच्या छोट्या कॉलेजनं घेतलं आणि २००८ मध्ये ते कॉलेज देशातल्या शेवटच्या आठांत पोचलं. लहान कॉलेजनं लवकर ओळखावं आणि लवकर विचारावं.

७. मुलीच्या घरी जा

हे सगळ्यांत महत्त्वाचं, आणि यावर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवतो. मुलगा स्वतः ठरवतो. मुलीचं घर ठरवतं. तिच्या आईवडिलांनी कोचला पाहिलेलं असलं पाहिजे.

भंडाऱ्याकडच्या एका गावात ओसरीवर बसलो होतो. वडील म्हणाले, “सर, पोरगी खेळते थे ठीक हाय. पण सांजेले प्रॅक्टिस सुटल्यावर होस्टेलवर कशी जाईन? अन् पेपर बुडला तं?” आई दाराशी उभी होती. तिनं विचारलं, “तिले तेथं दूध भेटन का?” खेळाविषयी एकही प्रश्न नव्हता. मला ते बरोबरच वाटलं. अठरा वर्षांची पोर पहिल्यांदा घराबाहेर पडते आहे, तर आईबापांनी हेच विचारावं.

या प्रश्नांची उत्तरं खिशात घेऊनच जावं. मुलींची प्रॅक्टिस दुपारी चारला ठेवली की उजेडी सुटते. मेट्रोनं किंवा ‘आपली बस’नं जाणाऱ्या मुली सीताबर्डीपर्यंत घोळक्यानं जातात, त्या घोळक्यातल्या सीनियरचा फोन नंबर घरी द्यावा. स्पर्धा आणि सेमिस्टर एकमेकांवर येतात, तेव्हा हजेरीचं पत्र प्राचार्यांच्या सहीनं स्पर्धेला निघण्याआधी काढलेलं असावं, परत आल्यावर नाही. दुधाचं म्हणाल, तर मेसवाल्याशी बोलून पेल्याची सोय झाली. ती मुलगी पुढं तीन वर्षं आमची गार्ड होती.

८. आश्वासन मोजून द्या

सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, हे वडिलांना माहीत असतं. त्यासाठी ठरावीक स्पर्धांत ठरावीक कामगिरी लागते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ते त्याच बैठकीत सांगावं. किट, बूट, फीची सवलत यांतलं कॉलेज जे लेखी देईल तेवढंच बोलावं. आणि मुलाला सरळ सांगावं : पहिल्या वर्षी बाकावर बसशील, दुसऱ्या वर्षी मॅचला दहा-बारा मिनिटं मिळतील. हे ऐकून दुसऱ्या कॉलेजात गेलेली मुलं आहेत. जी राहिली ती टिकली.

पुढं विद्यापीठाच्या टीममधून पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा किंवा राज्यातल्या विद्यापीठांची ‘अश्वमेध’ खेळण्याचं स्वप्न जरूर दाखवावं. ते खरं आहे, आपल्या पोरांनी गाठलेलं आहे.

९. ज्यांना घेतलं नाही, त्यांना समोर बसवून सांगा

यादी नोटीस बोर्डावर लागण्याआधी प्रत्येकाला बोलावतो. तुझ्या जागेवर दोघं आधीच आहेत, किंवा पायांवर वर्षभर काम कर, असं एकच खरं कारण सांगतो. मग पुढची वाट. थ्री-बाय-थ्री टोकियोपासून ऑलिम्पिकमध्ये आहे. एकच रिंग, चौघांची टीम, दहा मिनिटं किंवा एकवीस पॉइंट. कॉलेजात अशा दोन टीम उरलेल्यांतून सहज उभ्या राहतात, आणि त्यांची प्रॅक्टिस आम्ही मुख्य टीमच्याच वेळेला, कोर्टच्या दुसऱ्या रिंगवर लावतो. ज्याला पंच व्हायचं असेल त्याला सरावाच्या मॅचमध्ये शिट्टी देतो. डिसेंबरात कुणाचा घोटा मुरगळला, की बारावं नाव याच मुलांतून येतं.