वृद्धाश्रमाचे बोलणे आणि सातबारा

मुळशी तालुक्याच्या पूर्वेस हिंजवडी-माण परिसरात माहिती तंत्रज्ञान उद्योग आले आणि जमिनीला भाव चढला. पश्चिमेकडील धरणखोऱ्यातून अनेक तरुण नोकरीनिमित्त बाहेर पडले. गावी राहिलेल्या वडिलांपाशी मुलगा वृद्धाश्रमाची गोष्ट काढतो, तेव्हा त्यांच्या मनात सातबाऱ्याची शंका डोकावते. घर सोडले तर जमीनही जाईल काय? ही शंका सहसा बोलून दाखविली जात नाही. "माझे इथे काय अडले आहे?" एवढेच उत्तर येते.

म्हणून बोलणे तेथूनच सुरू करावे. वृद्धाश्रमात राहावयास गेल्याने मालकी बदलत नाही, हे मुलानेच आधी सांगावे. बक्षीसपत्राचा विषय त्या बैठकीत काढूच नये. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणाविषयीच्या २००७ च्या अधिनियमातील कलम २३ येथे उपयोगी पडते. सांभाळ करण्याच्या अटीवर, अधिनियम लागू झाल्यानंतर दिलेली मिळकत, ती अट मोडल्यास न्यायाधिकरणाकडून परत मिळविता येते. उपविभागीय अधिकारी या न्यायाधिकरणाचे काम पाहतात.

पंचायत सदस्याने किंवा शिक्षकाने मध्यस्थी जरूर करावी. मुलाची वकिली मात्र करू नये. वडिलांनी आश्रम स्वतः पाहावा, शक्य तर दोन-चार दिवस राहून यावे. त्यानंतरही ते नको म्हणाले, तर ते उत्तर मानावे. भातलावणीच्या दिवसांत तर हा विषय काढूच नये. तेव्हा त्यांचे चित्त खाचरात असते.