सेवा घेणं हाही अभ्यासच



या आठवड्याचा पाठ सेवेवरचाच आहे, पण दुसऱ्या बाजूने. सेवा कशी करावी हे आपण नेहमी वाचतो, ऐकतो. ती घ्यायची वेळ आली की मात्र आपल्यापैकी अनेकजणी अडतात.

आमच्या वडोदऱ्याच्या केंद्रातील एका ताईंचं यंदा कमरेचं ऑपरेशन झालं. वय ५८, आणि दुसऱ्यांच्या आजारपणात धावून जाणाऱ्यांत कायम पुढे. इस्पितळात आणि नंतर घरी आम्ही चौघी आळीपाळीने त्यांच्याजवळ होतो. जे पाहिलं, शिकलो, ते त्यांच्या परवानगीने इथे मांडत आहोत.

*आधी दुखणं समजून घेऊ*
कमरेत पाच मणके असतात आणि दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. ताईंची चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकून पायाकडे जाणाऱ्या नसेवर दाब देत होती. दुखत होता पाय, कारण होतं कमरेत. यालाच आपण सायटिका म्हणतो. बहुतेकांचं हे दुखणं औषधं आणि व्यायामाने काही आठवड्यांत कमी होतं, ऑपरेशन लागत नाही. ताईंचं तीन महिने झाले तरी कमी होईना. त्यात पायातून चप्पल निसटू लागली, म्हणजे पावलातली ताकद जाऊ लागली. तेव्हा डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं.

एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी. कंबरदुखीत लघवी अडली, लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, तर सकाळ होण्याचीही वाट पाहू नये. लगेच इस्पितळ गाठावं.

*पहिला पाठ : खरं सांगणं*
ऑपरेशननंतर सिस्टर थोड्या थोड्या वेळाने विचारत, "बेन, केटलुं दुखे छे? शून्य ते दहा, किती?" ताई म्हणायच्या, "दोन." चेहरा सांगत होता सात. आपल्या घरांतून बायकांना सोसण्याची इतकी सवय असते की दुखतंय म्हणणं ही तक्रार वाटते. त्यात साधकाने देहाचं दुःख बोलू नये अशीही एक समजूत.

दुसऱ्या दिवशी चालवायला आले तर ताईंना कुशीवरही वळता येईना. सिस्टरने न रागावता समजावलं. दुखणं लपवलं की माणूस हलत नाही, खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. मग छातीत कफ साठतो, पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती वाढते. "आकडा खरा सांगा, तरच औषध बरोबर देता येईल." तेव्हा कुठे ताई "सात" म्हणाल्या. औषधाचा गुण आल्यावर वॉकर धरून खोलीच्या दारापर्यंत गेल्या.

सोसणं हा गुण आहेच. पण विचारणाऱ्याला चुकीचं उत्तर देणं म्हणजे सोसणं नव्हे.

*दुसरा पाठ : मापात राहणं*
उठण्याची रीत शिकवली ती अशी : गुडघे दुमडायचे, खांदे आणि कंबर एकदम, ओंडका लोटावा तसं कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि हातांनी रेटा देत बसायचं. वाकणं, कंबर पिळणं, वजन उचलणं सहा आठवडे बंद. बसणं एका वेळी वीस मिनिटं. चालणं मात्र रोज, थोडं थोडं, पुष्कळदा.

घरी आल्यावर काका म्हणत, "पडून राहा, हलू नकोस." शेजारच्या काकू म्हणत, "इतके दिवस कसलं गं झोपणं!" डॉक्टरांचं माप या दोघांच्या मधलं होतं. ताईंनी तेच धरलं. पायाची कळ लवकर गेली, पण अशा मुंग्या आणि बधिरपणा ओसरायला महिनेही लागू शकतात, हे आधीच सांगितलं असल्याने त्या घाबरल्या नाहीत.

साष्टांग नमस्कार आणि जमिनीवरची मांडी बंद झाली. ताई उभ्यानेच हात जोडत, पोथी उंच ठेवून उभ्यानेच वाचत. गोळ्या जेवणानंतरच्या, म्हणून गुरुवारचा उपवासही सोडला. भक्तीत काही उणं पडलं असं आम्हाला दिसलं नाही.

*तिसरा पाठ : घेणं*
हा सर्वांत अवघड. घरी येऊन आठवडा झाला आणि ताईंनी भरलेल्या कुकरला हात घातला. सूनबाईंनी पाहिलं. म्हणाल्या, "आई, माझ्या बाळंतपणात सव्वा महिना तुम्ही सगळं केलंत. मी तेव्हा नको नको म्हटलं असतं तर तुम्हाला कसं वाटलं असतं?" ताईंनी हात मागे घेतला. डोळे भरून आले होते.

त्या दिवशी आम्हा सगळ्यांनाच विचार पडला. नेहमी देणाऱ्याच्याच जागेवर बसण्यातही एक बारीकसा अहंकार असतो. आपण घेतलं नाही, तर समोरच्याने सेवा करायची कुठे?

भेटायला जाणाऱ्यांसाठीही यात पाठ आहे. "काही लागलं तर सांगा" याला कोणी काही सांगत नाही. "उद्याचा डबा मी आणते", "रात्री मी थांबते" असं म्हणावं. सर्दी-खोकला असेल तर जाऊ नये. दहा-पंधरा मिनिटांत उठावं. अमक्याचं ऑपरेशन कसं बिघडलं, ही गोष्ट तिथे काढू नये.

घरच्यांनी मात्र डोळ्यात तेल घालून पाहावं : ताप, टाके लाल होणं किंवा त्यातून पाणी येणं, पोटरी सुजून दुखणं, पायातली ताकद कमी होणं. यातलं काही दिसलं की डॉक्टरांना लगेच फोन. दुखण्याच्या काही गोळ्यांनी शौचाला खडा होतो, तेव्हा पाणी, भाजी, फळं भरपूर, कुंथू नये.

वर दिलेली मापं ताईंना त्यांच्या डॉक्टरांनी घालून दिलेली आहेत. आपल्याला आपले डॉक्टर सांगतील तेच प्रमाण.

*या आठवड्याचा स्वाध्याय*
१. कोणी "कशी आहेस?" विचारलं तर एकदा तरी खरं उत्तर द्यावं.
२. घरातलं एक काम दुसऱ्याला करू द्यावं, आणि त्यात खोड काढू नये.
३. आजारी माणसाला फोन करण्याआधी ठरवावं, आपण नेमकं काय करणार आहोत.

गुरुवारी भेटू तेव्हा यावर बोलूच.

श्रीगुरुचरणी अर्पण.